फिनेलचा वास आला म्हणजे वॉर्ड जंतुमुक्त झाला का? रुग्णालयातल्या जिवाणूंवर जंतुनाशकं किती चालतात?

सरकारी असो की खासगी, रुग्णालयात पाऊल ठेवलं की सगळ्यात आधी जाणवतो तो वास. फिनेल, स्पिरिट आणि ब्लीच यांचा मिळून झालेला उग्र वास. भेटायला आलेले नातेवाईक नाकाला रुमाल लावतात, पण मनातून त्यांना जरा बरंच वाटतं. वास येतोय म्हणजे साफसफाई होतेय, आपला पेशंट सुरक्षित आहे.

खरं तर त्या वासावरून एवढंच कळतं की बादलीत काहीतरी ओतलंय. ते औषध समोरच्या जिवाणूला मारणारं आहे का, पाण्यात किती मिसळलं होतं, पुसलेली जागा किती वेळ ओली राहिली आणि पुसणारं फडकं त्याआधी कुठे फिरून आलं होतं, हे वासातून कळत नाही. जंतुनाशक काम करणार की नाही, हे मात्र नेमकं याच गोष्टींवर ठरतं.

प्रश्न छोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमध्ये रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे १५ जणांना तिथे असताना किमान एक नवा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत हा आकडा ७ आहे. असा संसर्ग झालेल्या दर १० जणांपैकी सरासरी एकाचा त्यात मृत्यू होतो. म्हणजे माणूस पाय मोडला म्हणून दाखल होतो आणि न्यूमोनियाशी झगडत बसतो.

हे जिवाणू आहेत तरी कोण?

नावं अवघड आहेत, पण चार-पाच ओळखून ठेवायला हरकत नाही. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, एन्टेरोकॉकस. यांपैकी काही निरोगी माणसाच्या आतड्यात किंवा त्वचेवर गुपचूप राहतात, काही पाण्यात आणि मातीत असतात. एरवी आपल्याला त्यांचा त्रास नसतो. पण आयसीयूमधल्या माणसाच्या घशात व्हेंटिलेटरची नळी असते, मानेत सेंट्रल लाइन असते, लघवीसाठी कॅथेटर असतो. शरीराला पडलेल्या या नव्या वाटा आहेत आणि जिवाणूंना त्या बरोबर सापडतात.

आता दुसरी अडचण. यांतल्या बऱ्याच जिवाणूंवर प्रतिजैविकं चालेनाशी झाली आहेत. आयसीएमआरच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांमधून गोळा झालेल्या ॲसिनेटोबॅक्टरच्या नमुन्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक नमुने कार्बापेनेम गटातल्या औषधांना दाद देत नाहीत. ही औषधं डॉक्टर शेवटच्या फळीत ठेवतात. संसर्ग झाल्यावर हातात फारसं काही उरत नसेल, तर तो होऊ न देणं हाच इलाज उरतो. म्हणून बादली आणि फडकं ही आता औषधांच्या कपाटाइतकीच गंभीर बाब झाली आहे.

आणि हे जिवाणू वाट बघण्यात पटाईत आहेत. जर्मनीतल्या ॲक्सेल क्रामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा कोरड्या पृष्ठभागावर ॲसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत तग धरतो असं दिसलं. पलंगाचा कठडा, सलाईनचा स्टँड, मॉनिटरचं बटण, दाराची मूठ. आधीचा रुग्ण डिस्चार्ज घेऊन घरी जातो, जिवाणू मात्र त्याच बेडवर मुक्कामाला असतो.

पहिली जंतुनाशकं वासावरूनच निवडली गेली

वासाला स्वच्छतेचा पुरावा मानण्याची सवय आपलीच नाही. या शास्त्राची सुरुवातच तिथून झाली आहे.

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर प्रसूती विभागात काम करत होता. तिथे दोन विभाग होते. डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी जिथे बाळंतपण करत, तिथे बाळंतज्वरानं कितीतरी जास्त बायका मरत. सुइणींच्या विभागात हे प्रमाण बरंच कमी. फरक काय, तर विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत. सेमेलवाइसनं त्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. हेच द्रावण का? कारण प्रेताचा हाताला लागलेला वास त्यानं सगळ्यात चांगला जात होता. जंतूंमुळे आजार होतात हे तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं. त्या विभागातला मृत्युदर एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या घरात होता, तो जूनमध्ये साधारण २ टक्क्यांवर आला.

जोसेफ लिस्टरचंही तसंच. इंग्लंडमधल्या कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल वापरतात हे त्याच्या कानावर आलं. १८६५ मध्ये ग्लासगोत त्यानं एका ११ वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर ते वापरलं. जखम चिघळली नाही. १८६७ मध्ये त्यानं आपले निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये छापले आणि शस्त्रक्रियेचं जगच बदललं.

आपल्याकडचं काळं फिनेल याच घराण्यातलं. त्याच्या डब्यावर आर.डब्ल्यू.सी. असं लिहून पुढे एक आकडा असतो. रिडिअल आणि वॉकर या दोघांनी १९०३ मध्ये काढलेली ही मोजणी. शुद्ध फिनॉलच्या तुलनेत हे द्रावण किती पट ताकदीचं आहे, हे तो आकडा सांगतो. पण मूळ चाचणी होते टायफॉइडच्या जिवाणूवर. डब्यावरचा आकडा मोठा असला, तरी तो ॲसिनेटोबॅक्टरबद्दल किंवा स्युडोमोनासबद्दल काही बोलत नाही. ही गोष्ट फिनेल विकत घेणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

सगळे जंतू एकाच दगडात मरत नाहीत

जंतूंमध्ये चिवटपणाची एक उतरंड आहे. चरबीचं आवरण असलेले विषाणू, उदाहरणार्थ कोरोना, सगळ्यात नाजूक. साबणानंसुद्धा त्यांचं आवरण विरघळतं. त्यांच्यापेक्षा चिवट सामान्य जिवाणू. त्यातही क्लेब्सिएला किंवा स्युडोमोनासच्या गटातल्या जिवाणूंना बाहेरून एक जादा पापुद्रा असतो, त्यामुळे काही रसायनं आतपर्यंत पोहोचत नाहीत. त्याहून चिवट क्षयरोगाच्या कुळातले, ज्यांच्या भिंतीत मेणासारखा थर असतो. आणि जिवाणूंमध्ये सगळ्यात चिवट म्हणजे बीजाणू. काही जिवाणू परिस्थिती बिकट झाली की स्वतःभोवती जाड कवच बांधून झोपी जातात, तेच हे बीजाणू. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल, ज्याला डॉक्टर थोडक्यात सी-डिफ म्हणतात, हा त्यातला बदनाम. प्रतिजैविकं घेऊन आतड्यातले चांगले जिवाणू मेले की हा डोकं वर काढतो आणि जीवघेणे जुलाब लावतो.

आता या उतरंडीसमोर आपली नेहमीची औषधं ठेवून बघू.

अल्कोहोल, म्हणजे स्पिरिट आणि हँडरब. जिवाणूंवर झपाट्यानं काम करतं, काही सेकंदांत. इथे गंमत अशी की १०० टक्के शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्केवालं जास्त चांगलं. अल्कोहोल जिवाणूची प्रथिनं बिघडवतं आणि त्या कामाला पाणी लागतं. म्हणून ६० ते ९० टक्क्यांच्या दरम्यानची तीव्रता उपयोगाची. बीजाणूंवर मात्र अल्कोहोल चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं हँडरबची जी कृती दिली आहे, तिच्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायला सांगितलंय. ते तुमच्या हातासाठी नाही. बनवताना द्रावणात चुकून पडलेले बीजाणू मरावेत म्हणून ते घातलेलं असतं! सी-डिफच्या रुग्णाला हाताळल्यावर हँडरबवर न थांबता साबण-पाण्यानं हात धुवा असं सांगतात ते यासाठीच. बीजाणू मरत नसले तरी वाहून तर जातात.

अल्कोहोलची दुसरी मर्यादा म्हणजे ते उडून जातं. पंख्याखाली स्टीलच्या टेबलावर फिरवलेलं स्पिरिट बघता बघता सुकतं. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, सलाईनच्या नळीचं तोंड अशा लहान वस्तूंना ते उत्तम, अख्ख्या लादीला नाही.

सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं ब्लीच. स्वस्त, मिळायला सोपं आणि योग्य तीव्रता असेल तर जवळपास उतरंडीच्या टोकापर्यंत पोहोचणारं. पण हे औषध नाजूक प्रकृतीचं आहे. उन्हानं, उष्णतेनं आणि नुसतं पडून राहिल्यानंही त्यातलं क्लोरीन कमी होत जातं. समजा, कॅनवर ४ टक्के लिहिलंय आणि तुम्हाला १ टक्क्याचं द्रावण हवंय. हिशेब सोपा, एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी. पण विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडून त्या कॅनची ताकद २ टक्क्यांवर आली असेल, तर बादलीत प्रत्यक्षात अर्धा टक्काच उतरतो. माप बरोबर, औषध निम्मं. वास तेव्हाही येतोच.

शिवाय ब्लीचचं सगळ्याच सेंद्रिय पदार्थांशी वैर. रक्त, पू, उलटी समोर आली की क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतं. मळक्या कपड्याला पहिल्यांदा साबण लावला की फेस येत नाही, तसंच. त्यामुळे रक्त सांडलं असेल तर आधी ते टिपून घ्यायचं, जागा स्वच्छ करायची आणि मग जंतुनाशक लावायचं. मळावर ओतलेलं महागातलं महाग औषधही वाया जातं.

सी-डिफच्या बाबतीत तर ब्लीचवरच प्रश्नचिन्ह लागलं. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये या जिवाणूचे बीजाणू १,०००, ५,००० आणि १०,००० पीपीएम तीव्रतेच्या क्लोरीनमध्ये १० मिनिटं ठेवले. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. तरीही बीजाणू जिवंत राहिले, इतकंच नाही तर रुग्णालयातल्या गाउनच्या कापडावरही टिकले. बातम्यांमध्ये याचे मथळे ‘ब्लीच निकामी’ असे झाले. तेवढ्यावर जाऊ नका. दुसऱ्या प्रयोगशाळांमध्ये क्लोरीननं बीजाणू मेल्याचंही दिसलंय. बीजाणूंचा वाण, त्यांची संख्या, दिलेला वेळ यांवर निकाल बदलतो. या प्रयोगातून एवढं नक्की कळतं की बीजाणूंच्या बाबतीत घासून-पुसून काढून टाकणं हे मारण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

मग येतात क्वाट्स, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइडच्या कुळातली रसायनं. १९३५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड डोमाक यांनी ती वैद्यकीय वापरात आणली. सौम्य, धातू न गंजवणारी, डोळ्यांत पाणी न आणणारी. म्हणून आजकालच्या चकाचक रुग्णालयांत लादीसाठी हीच आवडती. बीजाणूंवर ती चालत नाहीत, क्षयाच्या कुळावर कमी चालतात. आणि सुती फडकं ती शोषून स्वतःजवळ धरून ठेवतं, त्यामुळे बादलीतली तीव्रता लादीपर्यंत पोहोचत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यानंही त्यांचा जोर कमी होतो.

९९.९ टक्के म्हणजे नेमकं किती?

जाहिरातीतला हा लाडका आकडा. ऐकायला जवळजवळ शंभर वाटतो. पण एखाद्या जागी १० लाख जिवाणू असतील, तर ९९.९ टक्के मारल्यावर १,००० उरतात. ९९.९९९ टक्के मारले तर १० उरतात. दोन नऊ पुढे वाढले आणि उरलेल्यांमध्ये शंभर पटींचा फरक पडला. आणि ते १,००० जर ओल्या, उबदार जागी असतील, समजा पिळून कोपऱ्यात ठेवलेल्या फडक्यात, तर दर २० मिनिटांना दुप्पट होणारा जिवाणू साडेतीन तासांच्या आत परत १० लाखांवर जातो. मॉप धुऊन वाळत घाला असं सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे.

बाटलीवरचा तारा आणि खालची बारीक अक्षरं वाचली तर आणखी दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे कोणत्या जिवाणूवर चाचणी झाली. दुसरी म्हणजे किती वेळ. औषध जागेवर ओलं राहायला हवा तो वेळ काही उत्पादनांत १ मिनिट, तर काहींत १० मिनिटं असतो. आता आठवून बघा, कुठल्याही वॉर्डात लादी पुसल्यावर ती १० मिनिटं ओली राहू देतात का? मागून कुणीतरी ओरडतंच, ‘मावशी, कोरडं फडकं मारा, लोक घसरतील.’

प्रयोगशाळेत चाचणी करताना ‘स्वच्छ’ आणि ‘मळकट’ अशा दोन परिस्थिती वेगळ्या तपासतात. मळकट परिस्थितीसाठी द्रावणात जास्त प्रथिनं मिसळतात. रुग्णालयासाठी खरेदी करताना विचारायचा आकडा हा दुसरा. कारण वॉर्ड म्हणजे काही काचेची परीक्षानळी नव्हे.

सुपरबग आहे, मग जास्त जहाल औषध लागेल?

हा गैरसमज शिकलेल्या लोकांमध्येही आहे. प्रतिजैविकांना न जुमानणारा जिवाणू जंतुनाशकालाही जुमानत नसेल असं वाटणं साहजिक आहे. पण दोन्ही औषधांची कामाची तऱ्हा वेगळी. प्रतिजैविक जिवाणूच्या एखाद्या ठरावीक यंत्रणेवर नेम धरतं. जिवाणूनं तेवढा भाग बदलला की नेम चुकतो. ब्लीच किंवा अल्कोहोल एकाच वेळी भिंत, पडदा, प्रथिनं सगळ्यांवर तुटून पडतं. म्हणून ज्या क्लेब्सिएलावर दहा प्रतिजैविकं हरली, तो योग्य तीव्रतेच्या साध्या ब्लीचमध्ये साध्या क्लेब्सिएलासारखाच मरतो. अख्ख्या बातमीत चांगली बातमी म्हणावी तर ही.

पण अपवाद आहेत आणि ते झोप उडवणारे आहेत.

सगळ्यात मोठं उदाहरण ब्राझीलचं. २००६-०७ मध्ये रिओ दि जानेरो राज्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर लोकांच्या जखमा भरेनात. छिद्रं पाडलेल्या जागी गाठी, पू, महिनोन्महिने चालणारी औषधं. ६० हून अधिक रुग्णालयांमध्ये मिळून १,००० हून जास्त संशयित रुग्ण सापडले. जिवाणू होता क्षयाच्या दूरच्या नात्यातला, मायकोबॅक्टेरियम मॅसिलिएन्स. दुर्बिणीची उपकरणं उकळत्या वाफेत टाकता येत नाहीत म्हणून ती २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवायची पद्धत होती. तपासात निघालं की हा वाण त्या द्रावणातही जगत होता. २००९ मध्ये ब्राझीलच्या औषध नियामक संस्थेनं अशी उपकरणं द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्याला बंदी घातली. भारतातल्या सर्जननीही दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर याच कुळातल्या जिवाणूंमुळे चिघळलेल्या जखमांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी केल्या आहेत.

ग्लुटाराल्डिहाइडबद्दल आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. त्यात २० मिनिटं बुडवलं तर वरच्या दर्जाचं निर्जंतुकीकरण होतं, पण बीजाणूंसकट सगळं मारायला १० तास लागतात. दोन केसेसच्या मधल्या वेळात १० तास कुणाकडे असतात? अमेरिकी संशोधक अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली विभागणी इथे अजूनही कामाला येते. जी वस्तू शरीराच्या आत, रक्तात जाते तिच्यावर एकही बीजाणू नको. जी नुसती आतल्या ओल्या त्वचेला लागते, उदाहरणार्थ एंडोस्कोप, तिला वरच्या दर्जाचं जंतुनाशक चालेल. जी फक्त बाहेरच्या त्वचेला लागते, जसा बीपीचा पट्टा, तिला साधं. गडबड होते ती पहिल्या वर्गातली वस्तू घाईत दुसऱ्या वर्गासारखी वागवली की.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. मेलबर्नच्या संशोधकांनी १९९७ ते २०१५ या काळात रुग्णांकडून मिळालेले एन्टेरोकॉकस फीसियमचे १३९ नमुने तपासले. २०१० नंतरचे नमुने २००४ आधीच्यांपेक्षा अल्कोहोलला सुमारे दहापट जास्त सहनशील निघाले. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हँडरबचा वापर वाढला त्याच काळातली ही गोष्ट. मात्र नमुन्यांमधला हा फरक मोजताना वापरलेलं अल्कोहोल २३ टक्क्यांचं होतं, त्यामुळे ७० टक्क्यांचा हँडरब फेकून द्यायची वेळ आलेली नाही. उलट धडा असा की पातळ केलेलं, कमी प्रमाणात घेतलेलं, अर्धवट चोळलेलं औषध हेच जिवाणूंना सराव देतं. क्लोरहेक्सिडीनबाबतही असंच दिसलंय. त्याच्या वाढत्या मात्रेत वाढवलेल्या क्लेब्सिएलाच्या काही वाणांवर कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं प्रतिजैविकही चालेनासं झालं, असं ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नोंदवलं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात मजेशीर वाटतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्युडोमोनास वेगळा काढायचा असेल, तर ज्या खाद्यावर तो वाढवतात त्यात मुद्दाम सेट्रिमाइड घालतात. बाकीचे बहुतेक जिवाणू त्यावर वाढत नाहीत, स्युडोमोनास आरामात वाढतो. हेच सेट्रिमाइड आपल्याकडच्या सॅव्हलॉनमध्येही क्लोरहेक्सिडीनसोबत असतं! याचा अर्थ ते निरुपयोगी असा नाही, खरचटलेला गुडघा धुवायला ते ठीकच. पण पातळ केलेल्या अँटिसेप्टिकच्या उघड्या वाटीत दिवसभर चिमटे बुडवून ठेवले, तर ती वाटी स्युडोमोनाससाठी आयतं घर होऊ शकते.

हे फक्त शक्यतेवर सोडलेलं नाही. जर्मनीत १५ आरोग्य संस्थांमधले, पुन्हा पुन्हा भरून वापरायचे ओल्या वाइप्सचे ६६ डबे तपासले, तेव्हा २८ डब्यांतल्या जंतुनाशकातच जिवाणू वाढलेले सापडले. २०१४ मध्ये हे छापून आलं. डबे रिकामे झाले की नीट न धुता वरून नवं द्रावण ओतत, हे त्यामागचं कारण. आपल्या स्वयंपाकघरात तेलाची बरणी न धुता वरून तेल ओततो, तसंच.

औषध पोहोचलंच नाही तर?

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा घात होतो तो इथे. अमेरिकेत फिलिप कार्लिंग यांनी ३६ रुग्णालयांत एक साधा प्रयोग केला. रुग्णाच्या आसपासच्या जागांवर डोळ्यांना न दिसणारं, पण अतिनील प्रकाशात चमकणारं जेल लावलं आणि साफसफाईनंतर बघितलं. २० हजारांहून जास्त जागांपैकी फक्त ४८ टक्के जागा पुसल्या गेल्या होत्या. कर्मचाऱ्यांना निकाल दाखवून, शिकवून पुन्हा बघितलं तेव्हा प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं. औषध बदललं नव्हतं.

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णालयानं १० वॉर्डांमध्ये त्याही पुढचं केलं. वॉर्डात फिरणारी सामाईक उपकरणं, म्हणजे बीपीचं मशीन, सलाईनचे पंप, चाकाच्या खुर्च्या, पुसण्यासाठी आठवड्यातले पाच दिवस रोज ३ तास जादा माणूस दिला. संसर्ग झालेल्या रुग्णांचं प्रमाण १७.३ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. २०२४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोजचे तीन तास! आपल्याकडे मोठ्या वॉर्डात एका मावशीच्या वाट्याला किती बेड येतात, त्यातले किती कठडे तिच्याकडून पुसून होणार आणि कंत्राटी पगारावर तिला हे कोण शिकवणार, हा प्रश्न जंतुनाशकाच्या टेंडरपेक्षा मोठा आहे असं मला वाटतं. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये तीन बादल्यांची पद्धत दिलेली आहे, कागदावर सगळं व्यवस्थित आहे. एकाच बादलीत काळं पाणी होईपर्यंत अख्खा मजला पुसला जातो, ते मनुष्यबळ आणि पाणी दोन्ही कमी पडतं म्हणून.

काही जागी तर फडकं जाऊच शकत नाही. डिसेंबर २०११ ते जानेवारी २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या नवजात अतिदक्षता विभागांत स्युडोमोनासच्या संसर्गानं चार बाळांचा मृत्यू झाला. शोध घेतला तर जिवाणू नळांच्या आत सापडले. पाण्याच्या नळीत जिवाणू स्वतःभोवती चिकट थर बांधतात, बायोफिल्म म्हणतात त्याला. बेसिन बाहेरून कितीही चकचकीत घासा, त्या थरातले जिवाणू सुरक्षित असतात. शेवटी नळच बदलावे लागले.

आणि ते धुराचं मशीन, फॉगिंग? त्याचा थाट मोठा, म्हणून लोकांचा विश्वासही मोठा. पण रुग्णांच्या खोल्यांत नेहमीच्या स्वच्छतेसाठी जंतुनाशकाचं फॉगिंग करू नका असं अमेरिकेच्या सीडीसीचं मत आहे. घासण्याची जागा फवारा घेऊ शकत नाही.

पेशंटला भेटायला जाताना

घरून फिनेलची बाटली नेऊन बेडभोवती शिंपडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यानं पेशंटला खोकला येतो, बाकी काही होत नाही. त्यापेक्षा बेडपाशी जायच्या आधी आणि निघताना हँडरब घ्या. तळहात भरून घ्या, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याभोवती सुकेपर्यंत, साधारण २० ते ३० सेकंद चोळा. पिशवी पलंगावर ठेवू नका. दुसऱ्याच्या बेडवर टेकू नका. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना कुणी हातमोजे तसेच ठेवले असतील, तर ‘सिस्टर, ग्लोव्हज बदलता का?’ असं नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही. मोज्यावरचा जिवाणू आणि हातावरचा जिवाणू एकच असतो.

घरी आल्यावर पेशंटची खोली साबणाच्या पाण्यानं रोज पुसली तरी सहसा पुरतं. टाके किंवा कॅथेटर असेल तर त्याची काळजी डॉक्टरांनी सांगितली तशीच घ्या. आणि बाथरूमसाठी ब्लीच वापरणार असाल तर ते ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, एकावर एक ओतूही नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसाला इजा करतो. चुकून मिसळलं गेलंच तर पाणी मारत बसू नका, दार उघडं टाकून आधी बाहेर पडा.